आत्या सगळं तीनदा सांगते

"तू नक्की करतोस काय रे?"

घरातल्या प्रत्येक लग्नात, पंगत उठून पानसुपारी सुरू झाली की हा प्रश्न येतोच. मी म्हणतो, "मोबाईलच्या चिपवर काम करतो." त्यावर सगळी काका मंडळी आपापले फोन माझ्यासमोर धरतात. कुणाचा हँग होतो, कुणाचा गरम होतो, कुणाची बॅटरी दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाही. मी हसून वेळ मारून नेतो. आजवर कुणालाच धड उत्तर दिलेलं नाही. आज ठरवलं की एकदाच काय ते लिहून टाकावं, म्हणजे पुढच्या लग्नात नुसती लिंक पाठवून मोकळं होता येईल. :-)

तर नेमकं सांगायचं म्हणजे मी डीकोडरवर काम करतो. हवेतून येणारा संदेश वाटेत खराब होतो. तो दुरुस्त करून घेणारा चिपमधला भाग म्हणजे डीकोडर. आणि त्या डीकोडरला वीज कमी कशी लागेल हे बघणं, हे माझं पोटापाण्याचं काम. पण या कामाचं मर्म मला ऑफिसात कळलं नाही. ते कळलं आत्यामुळे, २०२२ च्या जुलैमधल्या एका रात्री. म्हणून आधी आत्या.

आत्याचं गाव वेल्ह्याच्या पुढे, केळदच्या वाटेवर. (तालुक्याचं नाव कागदोपत्री आता राजगड झालंय, पण आमच्या तोंडी वेल्हंच बसलंय.) चहूकडे डोंगर आणि मधे बशीत ठेवल्यासारखं गाव. भाताची खाचरं, पावसाळ्यात चार महिने धुकं. मोबाईलच्या लहरींना डोंगर आडवा आला की त्या पलीकडे धड पोचत नाहीत. त्यामुळे गंमत अशी होते, की १४०३ मीटर उंचीच्या तोरण्यावर चढलेल्या पोरांचे फोन खणखणत असतात आणि पायथ्याच्या घरातली माणसं "हॅलो... हॅलो..." करत घरभर फिरत असतात. आत्याच्या घरात मागच्या पडवीत, उखळाशेजारी भिंतीला टेकून उभं राहिलं की दोन कांड्या रेंज येते. तीही लहरीवर.

म्हणून आत्या फोनवर सगळं तीनदा सांगते. "गोळ्या आणू नको. अरं, गोळ्या हायेत घरात. काय म्हणते मी, गोळ्या नको." लहानपणी आम्ही भावंडं तिची नक्कल करायचो. पुढे इंजिनिअरिंगला गेलो आणि पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर जे लिहिलं ते आत्याचंच होतं. एक पाठवायचा असेल तर एक-एक-एक पाठवा. वाटेत एखादा बिघडला, तरी उरलेले दोघे बहुमतानं सांगतील की मूळ काय होतं. जगातली सगळ्यात सोपी चूक-दुरुस्ती. फक्त महाग. एका गोष्टीला तीन गोष्टींचं भाडं.

याहून स्वस्त युक्ती आतोबांकडे होती. आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. त्यांच्याकडे तांदळाच्या पोत्यांची एक वही असायची. आडव्या ओळीत घरं, उभ्या रांगेत दिवस. प्रत्येक ओळीची बेरीज उजवीकडे, प्रत्येक रांगेची बेरीज खाली. एकदा गळक्या कौलातून पाणी पडलं आणि एक आकडा पार फिसकटला. मला वाटलं, आता गेला हिशोब. आतोबांनी शांतपणे चष्मा लावला. "ओळीची बेरीज अठरा. दिसतायत सात आन् पाच. मग पुसलेला किती?" मी म्हटलं, सहा. "आता खालच्या बेरजेशी पडताळून बघ." तिथेही सहाच आला. आतोबांनी नुसतं "हां" केलं आणि सहा लिहिला.

हे "हां" लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रिचर्ड हॅमिंग नावाच्या गणितज्ञानं बेल प्रयोगशाळेत याच जातीची युक्ती काढली आणि १९५० साली छापली. चार बिटांना तीन बेरजा जोडायच्या, एकूण सात. त्या सातांतला कुठलाही एक बिघडला तरी नेमका कुठला ते कळतं. चाराला बारा पाठवण्याऐवजी चाराला सात. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९४८ मध्ये, क्लॉड शॅनननं सिद्ध केलं होतं की वाटेत कितीही गोंगाट असला, तरी एका ठरावीक वेगाच्या आत राहिलं तर संदेश जवळजवळ बिनचूक पोचवता येतो. कसा, हे मात्र त्यानं सांगितलं नाही. ते शोधण्यात पुढच्या लोकांची पन्नास वर्षं गेली.

त्या लोकांत आपलेही होते. राज चंद्र बोस आणि त्यांचे विद्यार्थी द्विजेंद्र राय-चौधरी यांनी १९६० साली एक संकेतपद्धत मांडली. फ्रान्सच्या ऑकेंगेम यांना तीच १९५९ मध्ये स्वतंत्रपणे सापडली होती. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिला बीसीएच म्हणतात. याच बोसांचे दुसरे विद्यार्थी म्हणजे शरदचंद्र शंकर श्रीखंडे. जन्म सागरचा, १९१७ चा. १९५९ मध्ये बोस, श्रीखंडे आणि पार्कर या तिघांनी ऑयलरचं पावणेदोनशे वर्षांहून जुनं अनुमान चुकीचं ठरवलं आणि ती बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर झळकली. पुढे श्रीखंडे मुंबई विद्यापीठात आले, गणित विभाग उभा केला, आणि २०२० मध्ये वयाच्या १०२ व्या वर्षी गेले. आकडे चौकटीत असे मांडायचे की कुठल्याही दोन ओळी एकमेकींपासून लांब राहतील, हा त्यांच्या आवडीचा विषय, आणि चूक-दुरुस्तीचं मूळही तेच. दोन शब्द एकमेकांपासून जितके लांब, तितकी त्यांची गफलत व्हायची शक्यता कमी.

तुम्ही म्हणाल, याचा वेल्ह्याशी काय संबंध? नसरापूरच्या अलीकडे मी नेहमी एका टपरीवर चहा घेतो. तिथल्या क्यूआर कोडच्या कागदाचा एक कोपरा चिखलानं माखलाय, एक कोपरा फाटलाय. तरी पैसे जातात. त्या ठिपक्यांत रीड-सॉलोमन संकेत असतो. सगळ्यात भक्कम पातळी निवडली तर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी चालतं, सगळ्यात कमी पातळीत सुमारे ७ टक्के. आणि हा क्यूआर कुठल्या पातळीचा आहे हे सांगणारे जे १५ ठिपके असतात, ते बोसांच्या बीसीएचनं राखलेले असतात. चहाचे पैसे देताना मला दर वेळी बोस आठवतात. चहावाल्याला एकदा सांगितलं. तो म्हणाला, "बरं बरं. पैसे आले का नाय ते बघू द्या."

असो. आता माझ्या कामाकडे.

हल्लीच्या ५जी फोनमध्ये डेटासाठी जो संकेत वापरतात त्याला एलडीपीसी म्हणतात. रॉबर्ट गॅलेगर यांनी तो १९६० साली एमआयटीतल्या प्रबंधात मांडला. त्या काळच्या यंत्रांना तो झेपणारा नव्हता, म्हणून तीस-एक वर्षं कपाटात पडून राहिला. १९९३ मध्ये फ्रान्समध्ये टर्बो संकेत निघाले (४जी त्यावर चालतं), आणि फेऱ्या-फेऱ्यांनी उत्तराकडे जाण्याची रीत सगळ्यांना पटली. मग लोकांना गॅलेगरची आठवण झाली.

फेऱ्या म्हणजे काय? गावच्या पारावर बसलेली माणसं डोळ्यांसमोर आणा. प्रत्येकाच्या कानावर अर्धवट बातमी आलीय. कुणी म्हणतो "असंच आहे", कुणी म्हणतो "असावं बहुतेक". ही माणसं म्हणजे बिट. प्रत्येक माणूस दोन-तीन मंडळांत आहे, भजनी मंडळ, दूध डेअरी, सोसायटी. ही मंडळं म्हणजे आतोबांच्या वहीतल्या बेरजा. प्रत्येक मंडळाचा नियम इतकाच, की आपल्या सभासदांचा हिशोब जुळला पाहिजे. मंडळ प्रत्येकाला सांगतं, "बाकीच्यांचं ऐकून तुझं असं असायला हवं." माणूस सगळ्या मंडळांचं ऐकतो, आपलं मत थोडं बदलतो आणि पुन्हा कळवतो. ही झाली एक फेरी. अशा फेऱ्या होत होत "असावं बहुतेक"चं "असंच आहे" होत जातं. चिपमध्ये अशी हजारो माणसं आणि हजारो मंडळं असतात, आणि सेकंदाला कोट्यवधी बिटांची उस्तवार चाललेली असते.

वीज जाते कुठे, तर विचार करण्यापेक्षा निरोप्यांच्या धावपळीतच पुष्कळशी जाते. प्रत्येक निरोप स्मृतीतून काढा, तारेवरून न्या, आकडेमोड करा, परत स्मृतीत ठेवा. मग बचत कशी करायची?

एक, निरोप आखूड करा. "माझी खात्री ७३.४१८ टक्के" असं सांगायची गरज नसते. "बऱ्यापैकी खात्री" एवढं पुरतं. चार ते सहा बिटांत भागतं. दोन, मंडळानं किचकट गणित न करता फक्त सगळ्यात डळमळीत सभासदाकडे बघावं. ज्या मंडळात एक जण फारच साशंक, त्याच्या सांगण्याला किंमत तेवढीच. थोडी अचूकता जाते, वीज बरीच वाचते. तीन, एका मंडळाचं ऐकून बदललेलं मत पुढच्या मंडळाला त्याच फेरीत सांगा, फेरी संपायची वाट बघू नका. एवढ्यानं फेऱ्या साधारण निम्म्यावर येतात. चार, चिपला विजेचा दाब कमी द्या. खर्च दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे ०.९ व्होल्टचे ०.७ केले की प्रत्येक कामामागे सुमारे ४० टक्के बचत. पण मग चिप हळू चालते.

आणि पाचवी, सगळ्यात मोठी आणि सगळ्यात साधी. थांबायला शिका.

समजा डीकोडरला जास्तीत जास्त २० फेऱ्यांची मुभा आहे. सिग्नल वाईट असेल तेव्हा त्या लागतातही. पण रेंज चांगली असेल तर चार-पाच फेऱ्यांतच सगळ्या मंडळांचा हिशोब जुळतो. मूर्ख डीकोडर तरीही विसाव्या फेरीपर्यंत घुमत राहतो. शहाणा डीकोडर प्रत्येक फेरीनंतर विचारतो, "जुळलं का सगळ्यांचं?" जुळलं तर बस्स. वेळ उरला तर पुढचं काम कमी दाबावर सावकाश करा. आणि उलट, चार फेऱ्यांनंतरही गोंधळ वाढतच चालला असेल तर उगाच घाम न गाळता सरळ म्हणावं, "परत पाठवा."

इथे कुणी विचारेल की फोनची बॅटरी डीकोडरच खातो का? नाही. खरं सांगायचं तर रेंज कमी असते तेव्हा जास्त वीज ओरडण्यात जाते. टॉवर लांब म्हणून फोनला मोठ्यानं बोलावं लागतं. जुना २जी हँडसेट त्यासाठी क्षणाक्षणाला दोन वॅटपर्यंत जोर लावायचा, ४जीचा फोन ०.२ वॅटपर्यंत. शिवाय टॉवर शोधत राहण्याचा खर्च वेगळाच. पण ओरडणं आणि ऐकणं ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत. ऐकणारा हुशार असेल तर बोलणाऱ्याला कमी ओरडावं लागतं. १९७७ साली निघालेल्या व्हॉयेजर यानांवर वीज मोजकीच, म्हणून संदेश बांधण्याचं सोपं काम यानानं करायचं आणि सोडवण्याचं अवघड काम पृथ्वीवरच्या मोठ्या यंत्रांनी. आत्याच्या बाबतीत उलटं आहे. टॉवरवरून येणारा संदेश सोडवण्याचं अवघड काम तिच्या हातातल्या, बॅटरीवर चालणाऱ्या फोनला करावं लागतं.

आमच्याच मुलखात ओरडण्याचं एक जुनं उदाहरण आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाणा सर झाला तेव्हा मावळ्यांनी गडावरच्या पागेला आग लावली आणि तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला, असं सभासदाच्या बखरीत आहे. एकच बिट. हो की नाही. त्याला जळण केवढं! आणि त्या एका बिटात मावलं किती? गड घेतला एवढंच. तानाजी पडल्याची खबर दुसऱ्या दिवशी जासुदाकडून आली. राजगडाच्या पायथ्यावरून जाताना माझ्या मनात हे नेहमी येतं. काय सांगायचं राहून गेलं हे उजेडात दिसत नाही.

आता ती रात्र.

२०२२ चा जुलै. पाऊस नुसता कोसळत होता. आत्याकडे दोन दिवस लाईट नव्हती. त्याआधी महिनाभर मी तिला एक शहाणपण शिकवलं होतं. तिच्या फोनची बॅटरी रेंज नसल्यामुळे भराभर उतरायची, म्हणून मी म्हटलं होतं, "आत्या, पावसाळ्यात फोन जपून वापर. थोडक्यात बोलत जा. तीन-तीनदा सांगू नकोस, मला एकदा सांगितलं तरी कळतं." तिनं निमूटपणे ऐकलं. इंजिनिअर भाचा सांगतोय म्हटल्यावर!

रात्री अकराला फोन वाजला. आतोबांना दम लागला होता, छातीत दुखत होतं. आत्याचा आवाज तुटत होता. "ब्याटरी संपत आलीया," एवढं आधी ऐकू आलं. मग, "ह्यांना ......ला नेतोय, तू ये." आणि फोन गेला. परत लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. शेजाऱ्यांचेही बंद.

कुठे नेतायत? मधला शब्द गळला होता. शेवटी फक्त "ला" उरलं होतं. माझ्या डोक्यानं एका क्षणात ठरवून टाकलं की वेल्ह्यालाच. जवळचं तेच. गाडी काढली. आतोबांचे सगळे कागद माझ्याकडे होते, कारण त्यांना पुण्याच्या डॉक्टरांकडे मीच न्यायचो. रक्त पातळ करायची गोळी चालू होती, तिचं नाव आत्याला सांगता येणार नव्हतं. ते कागद पोचणं गरजेचं होतं.

ज्यांनी तो रस्ता पाहिलाय त्यांना कळेल. सातारा रस्त्यानं पुण्याहून निघालं की नसरापूर फाट्याला उजवीकडे वळायचं, तो रस्ता मार्गासनी, विंझर करत वेल्ह्याला जातो. वळलं नाही, सरळ कापूरहोळपर्यंत गेलं, की तिथून भोर. त्या फाट्यावर मी क्षणभरसुद्धा थांबलो नाही. उजवीकडे वळलो. विंझरच्या अलीकडे समोरून एक जीप आली, तिच्या दिव्यांनी डोळे दिपले, आणि ती पाणी उडवत निघून गेली.

ती तीच जीप होती. गावात गाडी मिळायलाच तासभर गेला होता. आतोबा मागच्या सीटवर आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून आडवे होते. त्यांना भोरला नेत होते.

वेल्ह्याला पोचलो, विचारलं, असं कुणी आलंच नाही म्हणाले. मला वाटलं गाडी मिळाली नसेल, म्हणून पुढे त्यांच्या गावापर्यंत गेलो. वाटेत एक झाड आडवं पडलं होतं, ते दूर करण्यात वेळ गेला. घराला कुलूप. शेजारच्या म्हातारीनं दार किलकिलं करून सांगितलं, "भोरला नेलं की. तुमाला सांगितलं न्हाय?"

भोरला पोचलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. जे साधारण साडेबाराला पोचायला हवे होते ते कागद. तिथल्या डॉक्टरांनी तोवर अंदाजानं, पण फार सांभाळून उपचार केले होते. आतोबा वाचले. सकाळी चहा मागितला. पण आत्या बाकावर बसली होती, ओलं लुगडं, हातात तो मेलेला फोन. मला बघून रडली नाही. म्हणाली, "तू म्हनला व्हतास ना, एकदाच सांग. म्या एकदाच सांगितलं."

मंडळी, हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढचे कित्येक दिवस ऑफिसात आलेख बघताना मला ते ऐकू यायचं. आमच्या धंद्यातल्या दोन्ही चुका मी एका रात्रीत केल्या होत्या. पहिली, बचत चुकीच्या ठिकाणी केली. वाट खराब असताना संदेशातली पुनरुक्तीच कापायला सांगितली. तिची तीनदा सांगायची सवय हा वायफळपणा नव्हता, त्या दरीला शोभेलसा संकेत होता. पन्नास वर्षं त्या पडवीत उभी राहणारी बाई त्या दरीला माझ्यापेक्षा जास्त ओळखत होती. दुसरी चूक माझ्या स्वतःच्या डीकोडरची. मी लवकर थांबलो. लवकर थांबणं हेच तर माझं काम, त्याचाच मला अभिमान! पण लवकर थांबायचं ते सगळ्या बेरजा जुळल्यावर. मी एकही बेरीज न करता थांबलो. भोरचं रुग्णालय मोठं, रात्री छातीत दुखणाऱ्या माणसाला शहाणी माणसं कुठे नेतील, एवढा साधा पडताळा मनाशी करून फाट्यावर थांबलो असतो तर ती जीप मला तिथेच भेटली असती.

खऱ्या चिपमध्ये ही काळजी घेतलेली असते. मंडळांचा हिशोब जुळला तरी क्वचित सगळी मिळून चुकीच्या गोष्टीवर एकमत करू शकतात. (आपल्या पारावर हे काय नवीन!) म्हणून ५जीत मोठ्या संदेशाच्या शेवटी २४ बिटांची एक वेगळी तपासणी जोडलेली असते. तीही उतरली तरच "हां". आतोबांचं ते खालच्या बेरजेनंतरचं "हां". बचतीची सुरुवात त्या "हां"नंतर, त्याच्या आधी नाही.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा नव्यानं दिसली. जुन्या २जी फोनमध्ये आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करायचे. एका तुकड्यात २६० बिट. त्यातले सगळ्यात महत्त्वाचे ५०, ते बिघडले तर आवाजच कळणार नाही, म्हणून त्यांना तीन बिटांची जादा तपासणी. ते ५० आणि पुढचे १३२ मिळून दुप्पट पाठवायचे. उरलेले ७८ तसेच उघडे, बिघडले तर थोडी खरखर होईल इतकंच. २६० चे ४५६ होतात. सगळ्यांना सारखी छत्री देत बसले असते तर ५२० च्याही वर गेले असते. मी हे कॉलेजात पाठ केलं होतं आणि परीक्षेत लिहून आलो होतो. आत्याला मात्र सांगितलं होतं सरसकट, "थोडक्यात बोल."

मग आम्ही दोघांनी बसून नवीन संकेत ठरवला. तिला एक साधा बटणांचा फोन घेऊन दिला, न वापरता ठेवला तर आठवडाभर चार्ज टिकतो. नियम तीन. गावाचं नाव, माणसाचं नाव आणि औषधाचं नाव तीनदा. बाकी गप्पा एकदा. आणि मी ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं, ती "हां" म्हणाली की मगच फोन ठेवायचा. "हां" आलं नाही तर काही कळलंच नाही असं समजून पुन्हा लावायचा. कागदांची एक प्रत तिच्या ट्रंकेत आणि एक भोरला मामाकडे. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी म्या आधी करत व्हते तसंच की."

हो आत्या. जवळजवळ तसंच.

आतोबा त्यानंतर दीड वर्ष होते. २०२४ च्या थंडीत, सुगीचा भात घरात आल्यावर, झोपेतच गेले. त्या पहाटे आत्याचा फोन आला. रेंज कशी कुणास ठाऊक, अगदी स्वच्छ होती. तिनं एकदाच सांगितलं. मी परत म्हणून दाखवलं नाही, जमलंच नाही. थोडा वेळ दोघंही गप्प होतो. मग तीच म्हणाली, "कळलं ना रं?"

मी म्हटलं, "हां."

तर पुढच्या लग्नात कुणी विचारलं, "तू नक्की करतोस काय?" तर उत्तर हे. समोरच्याचं म्हणणं नीट कळेपर्यंत ऐकायचं, आणि कळलं की थांबायचं. एवढंच यंत्राला शिकवतो. तेही कमी विजेत.